अंगणातील तांबडा मेपल

लिनियसने १७५३ साली ज्याला शास्त्रीय नाव बहाल केले, तो तांबडा मेपल उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील पाणथळ रानांचा मूळ रहिवासी; त्याच्या सालीच्या काढ्यात हिराकस घालून वसाहतवाले शाई करीत, परंतु रस्त्यांवर आणि घरांपुढे सावलीचा मान होता तो एल्मचा. १९३० च्या सुमारास युरोपातील ओंडक्यांबरोबर आलेल्या बुरशीने एल्मच्या रांगाच्या रांगा वठल्या, आणि त्या रिकाम्या जागी ज्या वृक्षांची नेमणूक झाली, त्यांत हा मेपल होता. शरदात हमखास लाल होणारी झाडे रोपवाटिकांनी निवडली. प्रिन्स्टन रोपवाटिकेची ‘ऑक्टोबर ग्लोरी’ ही अशीच एक निवड, १९६१ ची. मात्र बियांपासून वाढविलेल्या खुंटावर डोळा भरून केलेली या निवडक झाडांची कलमे वर्षानुवर्षे निकोप दिसत आणि एखाद्या वादळात जमिनीलगतच्या सांध्यापाशी सपशेल मोडून पडत, कारण खुंट आणि डोळा एकाच जातीचे असूनही त्यांचे काष्ठ कित्येकदा एकजीव होत नसे. तेव्हा बागाइतदारांनी उन्हाळ्यातील कोवळ्या फांद्या तुषारांखाली ठेवून त्यांनाच मुळे फुटू दिली. माझ्या मते या वृक्षाच्या इतिहासातील खरे कर्तृत्व हेच होय, आणि आजही जाणता गृहस्थ रोप घेताना ते कलमी की स्वमूळ, याची चौकशी आधी करतो.