गिलानभेषज : त्रिरश्मीवरील दानलेख आणि रुग्णाच्या मनाची शुश्रूषा

नाशिकच्या दक्षिणेस असलेल्या त्रिरश्मी पर्वतावरील लेण्यांचा विचार आपण बहुधा शिल्पकलेच्या अंगाने करतो. तेथील १० क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणात मात्र रुग्णसेवेच्या इतिहासातील एक अमोल पुरावा कोरलेला आहे. आभीर राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, हा लेख होय. शक अग्निवर्म्याची कन्या उपासिका विष्णुदत्ता हिने त्रिरश्मीच्या विहारात राहणाऱ्या चातुर्दिश भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी अक्षयनीवी ठेवली. गोवर्धन येथील कुलरिक श्रेणीकडे १००० आणि जलयंत्रांचे काम करणाऱ्या ओदयंत्रिक श्रेणीकडे २००० कार्षापण तिने गुंतविले. मुद्दल कायम राहावे व व्याजातून औषध मिळत राहावे, अशी ही योजना होती. दीर्घ आजाराला एकवेळची दया पुरत नाही, हे त्या उपासिकेने ओळखले होते.

परंतु केवळ औषधाने शुश्रूषा पूर्ण होते काय? विनयपिटकातील महावग्गात उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न मानणे हे चार. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर देणे हा पाचवा. मनाची काळजी ही येथे शुश्रूषकाच्या कर्तव्यातच गणली आहे.

मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने ग्रासलेल्या माणसाकडे पाहिले म्हणजे या पाचव्या गुणाचे मोल कळते. आठवड्यातून बहुधा दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस, पाण्याच्या घोटावरही मर्यादा, रोजगार बुडालेला. अशा रुग्णांत नैराश्य वारंवार आढळते. ‘मी घराला ओझे झालो’ हा विचार त्यांचे मन पोखरतो.

अंगुत्तरनिकायातील नकुलमातेची कथा नेमकी याच व्यथेशी भिडते. पती नकुलपिता अत्यवस्थ असता तिने त्याला पोकळ आशा दाखविली नाही. सूत कातून व लोकर विंचरून मी मुलांना पोशीन, घर सांभाळीन, धम्मापासून ढळणार नाही, असे सांगत तिने त्याची एकेक चिंता दूर केली. तो बरा झाल्यावर भगवंतांनी तिची प्रशंसा केली. पुढे वृद्ध व व्याधिग्रस्त झालेल्या नकुलपित्याला भगवंतांनी, शरीर आजारी असले तरी मन आजारी न होऊ देण्याचा अभ्यास करण्यास सांगितले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आजार हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे रुग्णाला सुनावणे म्हणजे त्याच्या नैराश्यात भर घालणे होय. संयुत्तनिकायातील मोळियसीवक सुत्तात, प्रत्येक वेदना पूर्वकर्मातूनच येते हे मत भगवंतांनी नाकारले असून पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कारणे दिली आहेत. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धांताची कठोर चिकित्सा केली आहे. म्हणून नैराश्यावर मानसोपचारतज्ज्ञांचा उपचार घेण्यात धम्माला काहीही बाध येत नाही. धम्मकथा त्या उपचाराची जोडीदार आहे, पर्याय नव्हे.

विष्णुदत्तेने औषधाची तरतूद केली, नकुलमातेने मनाला आधार दिला. दोघीही संसारी उपासिकाच होत्या. आपल्या प्रत्येक विहाराने वस्तीतील दीर्घकाळ आजारी असलेल्यांची नोंद ठेवावी, त्यांच्या प्रवासाची व औषधाची सोय पाहावी आणि त्यांच्याजवळ बसून त्यांचे म्हणणे ऐकावे. त्रिरश्मीच्या त्या लेखाचा वारसा आम्ही याच अर्थाने समजतो.