पोट बांधायची रीत

बाळंतिणीचं न्हाणं उरकलं की बाईला बाजेवर उताणं निजवायचं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंग टाकून केलेली धुरी. मग जुन्या मऊ लुगड्याचा हातभर रुंद पट्टा ओटीपोटापासून वर वर घट्ट गुंडाळत न्यायचा आणि टोक कडेला खोचायचं. हे काम न्हाऊ घालणाऱ्या बाईचं. पट्टा ढिला राहिला तर सासूबाईंच्या आधी तीच बोल लावायची: ‘पोट बांधलं नाही तर सुटेल बरं का!’

‘सुटेल’ हा शब्द या पट्ट्याला नंतर चिकटला असावा. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात याच पट्ट्याचा उल्लेख आहे. सूतिकेला पचेल तेवढं तूप किंवा तेल पिंपळी, चव्य, चित्रक, सुंठ यांच्या चूर्णासह द्यावं, पोटाला तूप-तेल चोळावं आणि मोठ्या स्वच्छ वस्त्रानं ते वेढावं, असं चरक सांगतो. कारणही देतो: रिकाम्या झालेल्या पोटात वायूला जागा मिळू नये. कंबर बारीक होण्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. उलट पाच किंवा सात रात्री पातळ पेज आणि त्यानंतर हळूहळू अंगावर मांस चढवणारा आहार, असा क्रम दिला आहे. आज ‘वजन कसं उतरवू’ असं विचारणाऱ्या मुलीला चरकाचं उत्तर पसंत पडलं नसतं.

त्या काळाच्या दृष्टीनं ते उत्तर बरोबरच होतं. बाळंतीण वाळायची, रक्त कमी व्हायचं आणि पुढचं बाळंतपण दीड-दोन वर्षांत दारात उभं राहायचं. डिंकाचा लाडू त्या गरजेतून आला. डिंक तुपात तळून फुलवायचा आणि वाटीच्या बुडानं चुरायचा. मग खारकेची पूड, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, जायफळ आणि गुळाचा पाक. सकाळी एक लाडू, वर अळिवाची खीर, दुपारी तुपात भिजलेला मऊ भात. हे खाऊन चाळीस दिवसांनी बाई पुन्हा जात्यावर बसायची, विहिरीवरून पाणी आणायची, शेतात वाकायची. लाडवाचा हिशेब तिथे चुकता व्हायचा.

जातं गेलं, लाडू राहिला. एका मोठ्या चमच्यात सुमारे १५ ग्रॅम तूप मावतं, म्हणजे जवळपास १३५ उष्मांक. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० उष्मांक जास्त लागतात, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचं कोष्टक सांगतं. दोन लाडू आणि वाटीभर खिरीत ते भरून निघतात. त्यावर आजी, मावशी आणि शेजारीण यांचा आग्रह आला की शिल्लक कमरेवर जमा होते.

जुन्या व्यवस्थेतली सर्वांत पक्की गोष्ट मात्र पट्टा किंवा लाडू नव्हे. ती म्हणजे मुदत. सुश्रुतानं सूतिकाकाळ दीड महिन्याचा सांगितला. मराठी घरांनी सव्वा महिना पाळला. आधुनिक प्रसूतिशास्त्रही सहा आठवडेच मोजतं, कारण प्रसूतीनंतर सुमारे किलोभर वजनाचं गर्भाशय तेवढ्या काळात आक्रसून शंभर ग्रॅमच्या आत येतं. ते पट्ट्यानं आत जात नाही. बाळाला पाजताना जे संप्रेरक स्रवतं, ते त्याला आवळतं.

या दोन विद्यांची मराठी माणसाच्या हातून एकदा समोरासमोर गाठही पडली होती. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेताना आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. त्यांच्या दृष्टीनं हा नुसता ग्रंथांचा विषय नव्हता.

सव्वा महिना सगळ्यांच्या वाट्याला येत नसे, ही गोष्ट बाळंतपणाच्या कौतुकात सहसा विसरली जाते. मुंबईच्या गिरण्यांतल्या बाईला रजा घेतली की मजुरी बुडायची. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्यानं प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवायलाच मनाई केली. सुश्रुताचा दीड महिना असा सरकारी राजपत्रात आला.

मग वजन उतरवायचं कधी? अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या ४० आया घेतल्या होत्या. त्यांतल्या एका गटानं प्रसूतीनंतरच्या चौथ्या आठवड्यापासून दहा आठवडे रोजचे ५०० उष्मांक कमी केले आणि आठवड्यातून चार दिवस व्यायाम केला. सरासरी ४.८ किलो वजन उतरलं, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. बाळांची वाढ दुसऱ्या गटातल्या बाळांइतकीच झाली. गती एवढीच, आणि तीही दूध नीट उतरायला लागल्यावर. सिझेरियन झालेलीनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटाचा व्यायाम सुरू करू नये. बंद खोलीतली कोळशाची शेगडी मात्र निःसंकोच बाहेर काढावी. तो धूर आईला आणि बाळाला, दोघांनाही घातक.

पट्टा अजून टिकून आहे. औषधाच्या दुकानात तो इलॅस्टिकचा मिळतो, खोक्यावर सपाट पोटाची हसरी बाई असते. कमरेला आधार देतो, उठताना-बसताना बरं वाटतं. चरबी मात्र तो वितळवत नाही, आणि फार आवळला तर ओटीपोटाखालच्या स्नायूंवर भलताच ताण येतो. लुगड्याच्या पट्ट्याची एक सोय त्याला साधलेली नाही. सव्वा महिना सरला की तो धुऊन फाडायचा आणि त्याचे बाळाला लंगोट करायचे.