जवाचं घर

'बार्न'ला मराठीत चपखल शब्द सापडेना. गोठा म्हणावं तर गुरं बाजूला राहतात, कोठार म्हणावं तर काम अर्धंच सांगून होतं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ 'जवाचं घर' असा आहे. मला तोच आवडला.

तर मंडळी, गेल्या ऑक्टोबरात इथल्या इतिहासवेड्यांच्या गटाबरोबर नॉरफोकमधल्या एका जुन्या, विटांच्या बार्नची नोंद करायला गेले होते. लवकरच तिथे राहतं घर होणार आहे. परवानगी देताना अट घातली होती, आधी सविस्तर नोंद करा. मी काही तज्ज्ञ नाही, टेपचं दुसरं टोक धरणं हे माझं काम!

आपल्याकडे सुगीनंतर कोरडी हवा असते, म्हणून खळं उघड्यावर. इथे पावसाचा नेम नाही, म्हणून खळ्यावर छप्पर. एवढं लक्षात आलं की अख्खी इमारत वाचता येते. समोरासमोर दोन मोठे दरवाजे, मधे खळं. एका बाजूला पेंढ्या रचायच्या, चामड्याच्या वादीने जोडलेल्या दोन काठ्यांनी त्या झोडपायच्या, आणि दोन्ही दारं उघडून वाऱ्याच्या झोतात धान्य उफणायचं. भिंतीतल्या उभ्या फटी हवा खेळती राहावी म्हणून. वर एक भोक आहे ते घुबडासाठी, म्हणजे उंदरांचा बंदोबस्त परस्पर!

विटांचे चार थर सांध्यांसकट एकत्र मोजतात, कारण एकेक वीट कमीजास्त असते. १७८४ साली इंग्लंडात विटांवर कर बसला, तोही नगावर. मग काही जणांनी विटाच मोठ्या पाडल्या. १८०३ मध्ये मोठ्या विटांवर दुप्पट कर आला, आणि १८५० साली कर रद्द झाला. त्यामुळे विटेच्या मापावरून काळाचा अंदाज बांधता येतो, पण तो फक्त अंदाज.

खरी गंमत आतमधे. बॅटरीचा झोत भिंतीला समांतर, तिरका धरला की दिवसाउजेडी न दिसणाऱ्या रेघा वर येतात. तुळयांवर सुतारांनी कोरलेले रोमन आकडे, कुठला तुकडा कुठे बसवायचा ते कळायला. दाराजवळच्या गिलाव्यावर पाच-पाचच्या गटांत ओढलेल्या रेघा. बहुधा पोती मोजली असावीत.

या रेघा बघून मला थबकायला झालं. झोडपणी हे हिवाळ्यातलं काम, शेतमजुराची पावसाथंडीतली रोजी. १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने मळणीचं यंत्र बनवलं. यंत्रं पसरली तशी ही रोजी आटत गेली. ऑगस्ट १८३० मध्ये केंट परगण्यात मजुरांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबरपर्यंत ते लोण नॉरफोकमधे पोचलं. 'स्विंग' दंगे म्हणतात त्यांना. १९ जणांना फाशी झाली, शेकडोंना बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला धाडलं. अशा माणसांनी डायऱ्या लिहिल्या नाहीत. त्यांचं हस्ताक्षर म्हणजे या रेघा. नव्या घरात त्यांच्यावर इन्सुलेशन आणि प्लास्टरबोर्ड चढणार.

घर करू नये असं मी म्हणत नाही. वापर नसलेली इमारत आधी छपरातून गळते, मग कोसळते. पण भिंती वाचल्या म्हणून बार्न वाचलं असं होत नाही. बार्न म्हणजे मधली ती उंच मोकळी पोकळी, आणि तिथे मजला पडला की ती संपली. नोंद केल्याने ती परत येत नाही. इंग्लंडच्या नियोजन धोरणातही स्पष्ट लिहिलं आहे, की नोंद करता येते हे नुकसानाला परवानगी देण्याचं कारण होऊ शकत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. नोंद ही शेवटची गोष्ट, सबब नव्हे.

असो. आमचे नकाशे आणि फोटो परगण्याच्या वारसा-नोंदीत जमा होतील. रेघांचे फोटो मोजपट्टी ठेवून, प्रत्येक गटाचा वेगळा, असे काढलेत. पुढे कुणाला मोजावंसं वाटलं तर मोजता येतील.