प्रिंटरपायी जन्मलेलं जाळं

'झेरॉक्स' हा आता मराठी शब्दच झाला आहे. आमच्या सिंदी (रेल्वे)त कुणाला 'छायाप्रत कुठे मिळेल?' असं विचारा, तो तोंडाकडे बघत राहील. झेरॉक्स म्हणा, लगेच दुकान दाखवेल. हे एका अमेरिकी कंपनीचं नाव आहे, हे पुष्कळांना माहीत असतं. पण घरातले कॉम्प्युटर ज्या वायरीने एकमेकांशी जोडतो, ती पद्धतही याच कंपनीत जन्मली, आणि तीही एका प्रिंटरपायी!

गॅरी स्टार्कवेदर 1971 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत आला. झेरॉक्सच्याच मशीनला लेझर बसवून त्याने प्रिंटर तयार केला. वेग सेकंदाला एक पान. इतकं महागडं यंत्र टेबलाटेबलावर ठेवणार कसं? तिथे तेव्हा 'आल्टो' नावाचे, एकेका माणसासाठीचे कॉम्प्युटर बनत होते. ते सगळे या प्रिंटरपर्यंत पोचवायचं काम बॉब मेटकाफकडे आलं. 22 मे 1973 च्या त्याच्या टिपणात 'इथरनेट' हे नाव आहे. डेव्हिड बॉग्जच्या साथीने त्याने ते उभं केलं. राउटरच्या मागे आपण खोचतो ती केबल त्याच घराण्यातली.

पुढे 1985 मध्ये ॲपलने लेझरराइटर 6,995 डॉलरला विकायला काढला. मॅकिंटॉशच्या दुपटीहून जास्त किंमत! म्हणून अनेक मॅकमध्ये तो वाटून घेण्याची सोय त्यातच दिली होती. विंडोजमध्ये ही सोय 1992 च्या 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स'ने रुळवली.

मला यातला सगळ्यात आवडता किस्सा एमआयटीचा. तिथल्या प्रयोगशाळेचा सामायिक प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर असे आणि कागद अडकला तर कुणाला कळत नसे. रिचर्ड स्टॉलमनने त्याचा प्रोग्राम असा बदलला होता की, थांबलेल्या सगळ्यांना निरोप जायचा. मग झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर भेट दिला, पण त्याचा प्रोग्राम कुणालाही उघडता येईना. तो ज्याच्याकडे होता, त्यानेही करारावर बोट ठेवून नकार दिला. स्टॉलमन हे विसरला नाही. 27 सप्टेंबर 1983 ला त्याने मुक्त सॉफ्टवेअरची 'ग्नू' योजना जाहीर केली. कागद अडकल्यावरून एवढं!

आमच्या घरी प्रिंटर खाली, अब्बांच्या जुन्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला. भाभी वरच्या मजल्यावर शिकवणीचे पेपर तयार करते. आधी प्रत्येक कागद पेनड्राइव्हवर घालून बाहेरच्या दुकानात जायचा. एकदा स्वतःची फाइल शोधताना तिथल्या 'डाउनलोड'मध्ये मला अनोळखी लोकांची आधार कार्डं, टीसी, सातबारे ओळीने दिसले. दुकानदाराचा तरी काय दोष? मागे दहा जण उभे असतात, पुसणार कधी? पण आमचे कागद तिथे राहू नयेत, असं त्या दिवशी ठरलं.

जोडणी अवघड नाही. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग चालू करून छोटं नाव दिलं, सलग, मध्ये जागा न सोडता. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर, नेटवर्क 'प्रायव्हेट'. अब्बांच्या खात्याला पासवर्ड घातला, कारण तो नसेल तर विंडोज बऱ्याचदा वरच्या कॉम्प्युटरला आत येऊ देत नाही. पानांची रांग अब्बांच्या कॉम्प्युटरवर लागते, त्यामुळे तो झोपला की छपाईही झोपते. म्हणून 'स्लीप' बंद केलं. विजेचं बिल वाढेल म्हणून अब्बा आधी कुरकुरले. आता प्रिंटरचा आवाज आला की वरच्या मजल्याकडे तोंड करून 'किती पानं, बेटा?' एवढंच विचारतात, कारण शाईचे पैसे तेच देतात.

विंडोजच्या या रांग लावणाऱ्या प्रोग्राममध्येच 2021 साली 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं मोठं भगदाड सापडलं. ते बुजवण्याच्या अपडेट्सनी जगभरातले कित्येक सामायिक प्रिंटर काही काळ बंद पडले. म्हणून अपडेट टाळायचं नाही आणि पाहुण्यांना वायफाय द्यायचं तर राउटरवरचं वेगळं 'गेस्ट' नेटवर्क द्यायचं, ज्यातून प्रिंटरपर्यंत वाट नसते.