गांवची शाळा आणि घरची भाषा

महोत्सवाच्या या स्मरणिकेंत देवळाची हकीकत वाचकांस इतरत्र वाचावयास मिळेलच. आमच्या वांट्यास शाळेचा विषय आला आहे. देवळाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात. पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, वेदीवरील मूर्ति कोणीं दिली, हें घरोघरीं ठाऊक असतें. शाळेचें तसें नाहीं. शाळेंतून मनुष्य बाहेर पडतो आणि पोटापाण्याच्या मागें लागून तिला विसरतो. तथापि मीरा-भाईंदरच्या ख्रिस्ती मंडळीचें आजचें रूप देवळाच्या बरोबरीनें शाळेनेंच घडविलें. आणि तें घडवितांना तिनें आमच्या घरांतील भाषाहि पालटली. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे उत्सवाच्या प्रसंगीं डोळेझांक करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आमचा मुलूख साष्टीच्या उत्तर टोंकाचा. पश्चिमेस उत्तन, पाली, चौक, डोंगरी हीं धारावी बेटावरचीं गांवें. मध्यें मुर्धे, राई, मोर्वे. उत्तरेस भाईंदर व वसईची खाडी. पूर्वेस नवघर, काशी, मिरे आणि घोडबंदर. कोळी समुद्रावर, आगरी मिठागरावर, शेतकरी भाताच्या खाचरांत, असा येथील पूर्वापार संसार. ह्या लोकांतील कांहीं ख्रिस्ती झाले, कांहीं हिंदूच राहिले. परंतु बोली एकच राहिली, आणि बाजार व शेताचे बांध हेहि एकमेकांस लागूनच राहिले.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन संन्यासी आले. फादर आंतोनियो दो पोर्तु यांनीं आमच्या दक्षिणेस मंडपेश्वर येथें मठ व विद्यालय उभारलें. खाडीपलीकडे वसईस जेझुइट पाद्रींनीं शाळा चालविली; त्यांच्याजवळ शिकलेला तेथलाच एक मुलगा संत गोन्सालो गार्सिया म्हणून विख्यात झाला. जपानांत जाऊन तो तेथील भाषा इतकी उत्तम शिकला कीं, फ्रान्सिस्कन पाद्री आले तेव्हां त्यांचा दुभाषी तोच झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यास क्रुसावर मरण आलें, आणि १८६२ सालीं नववे पोप पायस यांनीं त्यास संतपद दिलें. त्याच्या सणाच्या दिवशीं त्याच्या हौतात्म्याचें वर्णन आपण ऐकतों. त्याच्या भाषाज्ञानाचेंहि एखादें वाक्य ऐकावयास मिळावें असें ह्या लेखकास नेहमीं वाटत आलें आहे.

त्या काळच्या शाळेंत मुख्य शिक्षण धर्माचें व गायनाचें. मिस्सा लॅटिनमध्यें, सरकारी कागद पोर्तुगीजमध्यें. पण अंतःकरणापर्यंत पोहोंचावयाचें झाल्यास पाद्रींसहि मराठीकडेच यावें लागे. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश ह्यांनीं प्रभूच्या दुःखसहनावर ह्याच मुलखाच्या बोलींत पुराण रचिलें. तें १६५९ सालीं लिस्बन शहरीं छापून निघालें. लिपि रोमन, शब्द मात्र आपल्या आजीपणजीचे. एकोणिसाव्या शतकांत तें मुंबईंत पुन्हां छापावें लागलें, यावरून लोकांनीं तें किती जिव्हाळ्यानें जतन केलें होतें हें दिसून येतें.

१७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें धारावीचा किल्ला व पाठोपाठ वसई घेतली. युरोपियन पाद्री गेले, मंडळी देशी पाद्रींच्या हातीं आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेतली. ह्या सर्व उलाढालींत खेड्यांतील मुलांच्या शिक्षणास कोणी वाली नव्हता, एवढें सांगून पुढें जाऊं.

खरें परिवर्तन १८५४ नंतरचें. त्या सालच्या वुड साहेबांच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचें तत्त्व ठरलें. १८५७ त मुंबईचें विद्यापीठ झालें, १८५९ त त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. अनुदानाबरोबर तपासनीस आले, इयत्ता आल्या, आणि पाद्रींची शाळा हळूहळू सर्व गांवाची शाळा होऊं लागली. आरंभींच्या इयत्ता मराठींत, त्यांवर इंग्रजी इयत्ता, शेवटीं मॅट्रिक, अशी ती शिडी होती. मराठी फायनल झालेला मुलगा प्राथमिक शाळेचा मास्तर होई. मॅट्रिक झालेला रेल्वेंत किंवा कचेरींत कारकून होई. दोहोंच्या पगारांतील अंतर समजण्यास आईबापांस कोणाच्या उपदेशाची गरज नव्हती. १८६४ सालीं बी. बी. सी. आय. रेल्वे खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत पोहोंचली, तेव्हां तें अंतर रोज डोळ्यांसमोरून धांवूं लागलें.

सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांसाठीं गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्ती बांधवहि पुढें येत होते. आपण कंपनी सरकारची जुनी रयत, हें ठसविण्यासाठीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, येथील ख्रिस्ती पुढाऱ्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. मराठी बोलणाऱ्या समाजाला स्वतःची ओळख सांगण्यास इंग्रजी नांव घ्यावें लागलें, यांतच पुढच्या गोष्टीचें बीज आहे. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. भाकरी ज्या भाषेंत मिळते ती भाषा मुलाला शिकविणें हा आईबापांचा धर्मच होय.

१९२० सालीं साष्टी दुभंगली. दक्षिण भाग मुंबई उपनगर जिल्ह्यांत गेला, उत्तर भाग ठाणें जिल्ह्यांत राहिला. पुढें १९५७ सालीं मुंबई महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत आली आणि तेथेंच थांबली. वांद्र्याच्या मुलास जी हायस्कुलें दाराशीं होतीं, तीं भाईंदरच्या मुलास गाडीच्या अंतरावर आणि उत्तनच्या मुलास त्याहूनहि दूर पडलीं. गांवांत हायस्कूल हवें, ह्या तळमळीचें मूळ येथें आहे.

स्वराज्य आल्यावर भाषेचा प्रश्न नव्यानें उभा राहिला. मुंबई सरकारनें इंग्रजीचें अध्ययन आठव्या इयत्तेपर्यंत मागें ढकललें. आणि ६ जानेवारी १९५४ च्या हुकुमानें असें फर्माविलें कीं, ज्यांची भाषा इंग्रजी आहे असे अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाचे नागरिक यांखेरीज कोणासहि इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत नवा प्रवेश देऊं नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कुलांत ज्यांच्या मुलांस ह्या हुकुमामुळें प्रवेश नाकारला गेला, अशा दोन पालकांनीं, एक हिंदी ख्रिस्ती व एक गुजराथी हिंदु, न्यायालयांत धांव घेतली. शाळा चालविणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटीहि उभी राहिली. उच्च न्यायालयानें व पुढें २६ मे १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम घटनाबाह्य ठरविला. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा ह्या कारणावरून कोणासहि दार बंद करतां येत नाहीं, हें घटनेच्या एकोणतिसाव्या कलमांतील तत्त्व त्या निकालानें दृढ झालें.

हा निकाल आम्हांस दोन बाजूंनीं लागू पडतो. आमच्या मुलांस इंग्रजीचें दार उघडें राहिलें. आणि जें तत्त्व आम्हांस उपयोगी पडलें, त्याच तत्त्वानें अनुदान घेणारी ख्रिस्ती शाळा केवळ ख्रिस्ती लोकांची राहूं शकत नाहीं. ज्या कोणास शेजाऱ्याचीं मुलें आपल्या बाकांवर बसलेलीं रुचत नसतील, त्यानें आपल्याहि आजोबांची फी कोणाच्या करांतून भागली याचा विचार करावा.

पुढें एक विलक्षण योग घडला. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनाविधीचा आदेश काढला आणि देशी भाषांस वेदीवर स्थान मिळालें. चार शतकें लॅटिनमध्यें ऐकलेली मिस्सा मराठींत सुरू झाली. आणि ज्या पिढीनें ती प्रथम मराठींत ऐकली, तीच पिढी आपलीं मुलें इंग्रजी वर्गांत घालूं लागली. देऊळ मराठीकडे आलें, शाळा मराठीपासून निघाली; वाटेंत दोघींची गांठ पडली असेल, पण थांबून बोलणें झालें नाहीं.

मागून गांवाचेंच शहर झालें. १९८५ सालीं नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका. २००१ च्या खानेसुमारींत पांच लक्ष वीस हजारांवर असलेली वस्ती २०११ त आठ लक्षांवर गेली. मिठागरांच्या व भातखाचरांच्या जागीं इमारती उठल्या. गुजराथी, मारवाडी, उत्तर भारतीय, मुसलमान, केरळी, सर्वांचीं मुलें त्याच फाटकांतून आंत येऊं लागलीं. त्यांच्यांत आगऱ्याचें मूल, कोळ्याचें मूल व आपलें मूल हीं आतां थोडींशीं पाहुण्यांसारखीं बसतात. मराठी माध्यमाच्या वर्गांस मुलें मिळेनाशीं झालीं आहेत, ही मुंबईच्या आसपास सर्वत्र ऐकूं येणारी तक्रार आपल्याकडेहि आहे, आणि ती करणाऱ्यांपैकीं कित्येकांचीं नातवंडें इंग्रजी वर्गांत आहेत. ह्या लेखकाचींहि आहेत.

रविवारीं मराठी मिस्सा आटोपल्यावर अंगणांत मुलें इंग्रजींत भांडतात. आजी कठड्यावर बसून त्यांस मराठींत दटावते. मुलांस तिचें बोलणें समजतें; उत्तर मात्र तीं इंग्रजींत देतात, आणि तें तिलाहि समजतें, कारण शाळेची चार बुकें तीहि शिकली आहे.