'आय मिस यू'चे स्लोव्हाक भाषांतर

'आय मिस यू' या इंग्रजी वाक्याचे स्लोव्हाक भाषेतील रूढ भाषांतर 'खीबश मि' असे होते. त्याचा शब्दशः अर्थ 'तू मला उणा आहेस'. येथे दुरावलेली व्यक्ती कर्ता असते आणि जिला तिची उणीव भासते ती व्यक्ती चतुर्थी विभक्तीत येते. इंग्रजीप्रमाणे 'मी' हाच कर्ता ठेवून 'खीबम ति' असे लिहिल्यास अर्थ नेमका उलटतो : 'तुला माझी उणीव भासते'. प्रेमपत्रात ही चूक महागात पडावी.

क्रियापद कर्त्यानुसार बदलत असल्याने 'यू' म्हणजे तू की तुम्ही, हे संदर्भावरून आधी ठरवावे लागते. आदरार्थी व अनेकवचनी रूप 'खीबते मि' असे आहे. गाडी चुकण्याच्या अर्थी मात्र 'झ्मेश्कत्य' हे निराळेच क्रियापद वापरतात. तेथे इंग्रजीप्रमाणेच प्रवासी कर्ता असतो. मराठीत गाडी चुकते.