विशेषण-पदबंध व विशेषणवाक्य (इंग्रजी)

इंग्रजी वाक्यात नामाविषयी अधिक माहिती देणारा शब्दसमूह. त्यात स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद असेल तर ते विशेषणवाक्य, शाळेतल्या भाषेत ‘ॲडजेक्टिव्ह क्लॉज’. नसेल तर विशेषण-पदबंध, म्हणजे ‘ॲडजेक्टिव्ह फ्रेज’.

पालघर-बोईसरच्या मराठी शाळेतला विद्यार्थी अडतो तो जागेपाशी. ‘बोईसरला थांबणारी गाडी’ यात वर्णन आधी, नाम मागून. ‘द ट्रेन दॅट स्टॉप्स ॲट बोईसर’ यात नेमके उलट. ‘जी गाडी बोईसरला थांबते, ती’ ही जोडी इंग्रजीत नाही. त्यातला ‘ती’ सवयीने इंग्रजीत गेला की ‘द ट्रेन दॅट स्टॉप्स ॲट बोईसर, इट इज लेट’ असे वाक्य होते. यातला ‘इट’ काढून टाकावा.

ओळखण्यासाठी नामाला ‘कोणता?’ असे विचारावे. ‘द वर्कर्स ॲट द गेट आर वेटिंग’: कोणते कामगार? गेटवरचे. हा विशेषण-पदबंध. ‘द वर्कर्स आर वेटिंग ॲट द गेट’ यात मात्र तेच तीन शब्द ‘कुठे?’चे उत्तर देतात, म्हणून क्रियाविशेषण. शब्दयोगी अव्ययांच्या याद्या पाठ करून हा फरक कळत नाही.

‘दॅट’ दिसला की विशेषणवाक्य, हा क्लासमधला ठोकताळाही फसवा आहे. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’ यातला ‘दॅट’ हेच ‘ब्रॉट’चे कर्म, म्हणून ते विशेषणवाक्य. ‘द न्यूज दॅट द फॅक्टरी हॅज क्लोज्ड’ यात ‘दॅट’ झाकला तरी पुढचे वाक्य पूर्णच राहते. बातमी काय ते सांगणारे हे नामवाक्य. उलट ‘द रूम वी रेंटेड’ यात जोडशब्दच नाही, तरी ‘वी रेंटेड’ हे विशेषणवाक्यच.

स्वल्पविराम मराठीत रुजवला तो मेजर कँडी यांनी, पण विशेषणवाक्याभोवती त्याचे जे वजन इंग्रजीत आहे ते इथे आले नाही. उदाहरणार्थ, तारापूरच्या चार अणुभट्ट्यांपैकी दोन १९६९ मध्ये सुरू झाल्या; ५४० मेगावॅटच्या उरलेल्या दोन २००५-०६ मध्ये. म्हणून ‘द रिॲक्टर्स ॲट तारापूर दॅट स्टार्टेड इन १९६९’ म्हटले की फक्त पहिल्या दोन समजतात. ‘तारापूर’पुढे स्वल्पविराम देऊन ‘व्हिच स्टार्टेड इन १९६९’ लिहिले, तर चारही त्याच वर्षी सुरू झाल्या असा अर्थ होतो, आणि ते खोटे आहे.